भिजल्या तांदळाचं माप

"किलोचं मला काही विचारू नका," असं सलोमत आपा आधीच बजावायची. "कोसा घ्या, प्याला घ्या, काहीच नसलं तर नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी घ्या. एक टोपी तांदूळ, एक टोपी गाजर, अर्धी टोपी मांस. पण टोपी एकच हवी! तांदूळ एका नवऱ्याच्या टोपीनं आणि गाजर दुसऱ्याच्या टोपीनं मोजलंत, तर ओश तर बिघडेलच, पण मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

बायका पोट धरून हसायच्या आणि हसता हसता शिकायच्या. रिश्तानच्या आमच्या मोहल्ल्यात बायकांचा कुठलाही मेळावा असला, बारसं असो की मुलीच्या हुंड्याच्या रजया शिवायला बसणं असो, कढईमागे सलोमत आपाच असायची. लग्नात पुरुषांच्या पंगतीच्या ओशला, म्हणजे पुलावाला, पुरुष आचारी असतात, त्यांचा तोरा वेगळा. पण तेही कधीमधी कुणा पोराला पाठवून चोरून विचारून घेत, की म्हाताऱ्या मेंढीचं मांस असलं तर आपा तेल किती धरते.

तिचं माप म्हणजे तिच्या नवऱ्यानं केलेला एक निळा कोसा, मातीचा खोलगट वाडगा. तोख्तासिन कुंभार होता. भट्टीत हा कोसा थोडा वाकडा झाला, विकायला जाईना, म्हणून घरात राहिला. तोख्तासिन गेला त्या हिवाळ्यात त्याच्या काठाचा टवकाही उडाला. कुणी म्हणालं, आता माप चुकणार. आपा म्हणाली, "कसं चुकेल? टवक्याएवढा तांदूळ कमी आला तसं टवक्याएवढं गाजरही कमी आलं, पाणीही कमी आलं. सगळ्यांच्याच वाट्याचं सारखं गेलं, मग भांडण कुणाचं?" हिशोब म्हणून याच्यापेक्षा सोपा हिशोब मी तरी ऐकलेला नाही.

देवझिरा तांदळाला तिचं पाण्याचं माप ठरलेलं होतं: एकास दीड. एक कोसा तांदूळ, दीड कोसा पाणी. फक्त त्यात एक मेख होती. तो 'एक' कोरड्या तांदळाचा. देवझिरा आधी मिठाच्या कोमट पाण्यात भिजत घालतात, आणि भिजताना तो पोटभर पाणी पिऊन फुगतो. मोजायचा तो भिजत घालण्याआधी. आपाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की शिकवताना ती ते वेगळं सांगायचीच नाही. शिकणारी समोरच असे, तांदूळ पोत्यातून कोशानंच निघत असे, त्यामुळे चूक व्हायला वाव नव्हता.

आपाच्या धाकट्या मुलानं, झोकिरनं, ताश्कंदची मुलगी केली. नाव मुअत्तर. शिवणकाम करायची, बोलायची मऊ, आणि आमच्याकडच्या सुना करतात तसं सूर्य वर यायच्या आत अंगण झाडून पाणी शिंपडून मोकळी व्हायची. सासूला 'ओयी', म्हणजे आई, म्हणायची, तेही असं, की हाक मारतानाच पदराला धरल्यासारखं वाटावं. मुलगी वाईट म्हणायला सलोमत आपाला नखाएवढी जागा सापडली नाही, आणि जागा न सापडणं हेच सासूला फार जड जातं.

त्यात एक दिवस झोकिर जेवता जेवता बोलून गेला, "ओयी, मुअत्तरच्या माहेरचा ओश हलका असतो हां. तुमचा चांगलाच आहे, पण जरा पोटाला जड पडतो."

एवढंच बोलला. उठून हात धुवायला गेला. पण आपाच्या हातातला घास तसाच राहिला. तोख्तासिन गेल्यापासून तिच्याजवळ काय होतं? दुखरे गुडघे, निळा कोसा आणि हाताची चव. आता त्यातलंही एक ताश्कंदला चाललं असं तिला वाटलं. वाटायला नको होतं. पण वाटलं खरं.

लग्नानंतर मुलीकडच्या बायकांना जेवायला बोलवायची आमची रीत आहे. त्या दिवशी ओश नव्या सुनेनं करायचा आणि दोन्हीकडच्या बायकांनी तो चाखून आपापलं मत बनवायचं. मुअत्तरची आई मुकद्दस घाट ओलांडून आली. दस्तरखानात बांधलेली नानची चळत आणि मिठाई घेऊन, बरोबर दोन मावश्या. इकडून मोहल्ल्यातल्या बायका होत्याच. त्यात शेजारची तुर्सुनोय होती, जिच्या जिभेला हाड तर नाहीच, पण दात आहेत असं लोक म्हणतात.

आदल्या दिवशी मुअत्तरनं सासूला विचारलं होतं, "ओयी, तुमच्या देवझिऱ्याला पाणी किती घालू? आमच्याकडे वेगळा तांदूळ असतो, माझा हात बसलेला नाही."

"एकास दीड," आपानं सांगितलं होतं. "या कोशानं."

खरंच सांगितलं होतं. कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं.

सकाळी मुअत्तरनं पोत्यातून अंदाजानं तांदूळ काढून भिजत घातला. मांस परतलं, गाजर घातलं, रस्सा उकळत ठेवला. वास असा सुटला, की द्राक्षाच्या मांडवाखाली बसलेल्या बायकांच्या गप्पा मधेच थांबल्या. मग तिनं पातेल्यातला भिजलेला, फुगलेला तांदूळ निथळला आणि निळ्या कोशानं मोजून कढईत पसरू लागली.

सलोमत आपा तेव्हा चहाची किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनं पाहिलं. पाहताक्षणी तिला कळलं. भिजल्यावर चार कोशांचे पाच होतात, म्हणजे हे दहा कोसे खरे आठच. आठाला बारा कोसे पाणी हवं, ही पंधरा घालणार. तीन कोसे जास्त. ओशचा शावला, म्हणजे गिच्च भात, होणार.

तिनं बोलायला तोंड उघडलं. नेमकं त्याच वेळी अंगणातून मुकद्दसचा आवाज आला, "आमच्या मुअत्तरच्या ओशला ना, आमच्या गल्लीत नाव आहे हो! आजोबा तर दुसऱ्या कुणाच्या हातचा खातच नसत."

आपाचं तोंड मिटलं.

मुअत्तरनं मान वर करून दाराकडे पाहिलं. सासू उभी आहे हे बघून तिच्या चेहऱ्यावरची काळजीच गेली. ती हसली आणि पुढचा कोसा मोजू लागली. आपाची मान तेव्हा हलली होती का? ती स्वतःही सांगू शकत नाही. बहुतेक हलली असावी.

मग ती अंगणात जाऊन बसली आणि चहा ओतत राहिली. अजून वेळ होता. झाकण पडेपर्यंत दोन-तीन कोसे पाणी काढून घेणं म्हणजे चुटकीसरशी होणारं काम. ती उठलीसुद्धा. उठली आणि साखर आणायला गेली. परत आली तेव्हा ताश्कंदची मावशी म्हणाली, "काय वास सुटलाय! विहीणबाई, आता तुम्ही आराम करा, तुमची कढई सांभाळायला आली बघा कुणी."

"हो ना," आपा म्हणाली, आणि बसून राहिली.

झाकण पडलं. आता झाकण पडलंच आहे, हा विचार मनाशी धरून ती बसली.

ओशची ताटं आली. वर मांस नीट मांडलेलं, सोललेला लसूण, सगळं देखणं. आणि खाली तांदूळ, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेला. मुकद्दसनं घास घ्यायला बोटं घातली आणि बोटं चिकटली. बोलली ती तुर्सुनोय.

"अगं मुअत्तर! चमचे आण गं बाई सगळ्यांना! ओश हातानं खातात, शावल्याला चमचा लागतो."

हशा पिकला. मावश्याही हसल्या, न हसून करतात काय. मुअत्तर दारात उभी होती, हात छातीवर, आमच्या सुना पाहुण्यांसमोर उभ्या राहतात तशी. ती खरंच आत गेली आणि चमचे घेऊन आली. ताटाताटाशेजारी ठेवत गेली. तिचे कान लाल झाले होते.

निघताना मुकद्दसनं दस्तरखान उचललं. उंबऱ्यापाशी तिनं आपाचे दोन्ही हात हातात घेतले.

"माफ करा, विहीणबाई. मुलीला शिकवायला मीच कुठेतरी कमी पडले. तुम्ही पदरात घ्या."

आपाला उत्तर द्यायचं होतं, जमिनीत गडप व्हायचं होतं, नाहीतर किमान हात तरी सोडवून घ्यायचे होते. ती म्हणाली, "तसं काही नाही हो." आणि विहिणीचे हात तिच्या हातातच राहिले.

संध्याकाळी मुअत्तर कढई घासत होती. राखेनं घासून घासून तळ चकचकीत झाला तरी तिचा हात थांबेना.

"ओयी, मी खूप विचार केला," ती मान खाली घालूनच म्हणाली. "माझं माप चुकलेलं नव्हतं. तुम्ही दारात उभ्या होतात ना! मी चुकत असते तर तुम्ही बोलला असतात. म्हणजे तांदूळच नवा असणार. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, नाही का?"

आपा तिच्या पाठीकडे बघत राहिली. आता सांगावं. आत्ता, इथं, कुणीही नाही.

"हो," ती म्हणाली. "तांदूळच नवा असेल."

पहिली चूक गप्प राहण्याची होती. ही मात्र जिभेनं केली. पुढं दिवस गेले, पण हे वाक्य गेलं नाही. पुन्हा पुन्हा वर येत राहिलं.

मोहल्ल्याचं तर तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे एकदा नाव पडलं की थडग्यापर्यंत जातं. मुअत्तरला 'चमचेवाली सून' म्हणायला लागले. "कुणाकडे पोहोचवायचंय हे दूध?" "चमचेवाली आहे ना, त्यांच्याकडे." मुअत्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायची. सूप करायची, खिम्याची मांटी वळून वाफवायची, नान लावायची, पण ओशच्या दिवशी गाजरं चिरून कढईपासून लांब व्हायची. झोकिर पुन्हा आईच्या हातचा ओश खाऊ लागला. एकदा म्हणाला, "तुमच्यासारखा कुणाला जमत नाही, ओयी." हेच तर तिला ऐकायचं होतं. ऐकलं, आणि ताट बाजूला सारलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी दारात नुसतं उभं राहिलं तरी आपा दचकायची. बाजारात तांदळाच्या ढिगाजवळून जाताना नजर खाली जायची. नमाजाला बसली की दुवा मागायला हात वर यायचे आणि काय मागावं तेच सुचायचं नाही. सांगून टाकावं म्हणून ती सुनेच्या खोलीपर्यंत जायची आणि विचारून यायची, सुई सापडली का, पडदे धुवायचे आहेत का. बिचाऱ्या मुअत्तरला वाटायचं, सासू किती काळजी घेते! या कौतुकानं आपा अर्धमेली व्हायची.

मग तिच्या घरी बायकांच्या गपची पाळी आली. महिन्याला एकीच्या घरी जमायचं, खायचं, गावभर बोलायचं. तिनं मुकद्दसलाही आग्रहानं बोलावून घेतलं. आणि मनाशी ठरवलं: जीभ वळत नाही तर न वळो. आपण आपल्या हातानं, त्याच बायकांसमोर, तोच शावला करायचा. तुर्सुनोयला हसू दे. आपाचा हात गेला, असं म्हणू दे. दोघी एकाच पातळीवर आल्या की मुअत्तरच्या नावावरचं ओझं हलकं होईल. सांगावंही लागणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय अशी सहजी सुटत नसते.

त्या दिवशी तिनं तांदूळ न मोजताच भिजत घातला. रस्सा तयार झाल्यावर निथळलेला, फुगलेला तांदूळ निळ्या कोशानं मोजून कढईत पसरला. दहा कोसे. मग पाण्याची बादली जवळ ओढली.

"ओयी! थांबा!"

मुअत्तर दारात होती. हातात किटली. तिनं पाहिलं आणि तिथल्या तिथं बोलली. किटली कुठे ठेवावी एवढाही विचार केला नाही, तशीच आत आली.

"ओयी, हा भिजलेला मोजलात. पाणी जास्त होईल! त्या दिवशी माझं हेच झालं होतं. मी नंतर प्याल्यानं करून बघितलं. चार प्याले कोरडे तांदूळ भिजवले की पाच होतात. म्हणजे हे दहा नाहीत, आठ आहेत. आठालाच दीडपट धरायचं. बारा कोसे, पंधरा नाही."

"तू कधी करून बघितलंस?"

"मागेच. तुम्हाला सांगायला संकोच वाटला. म्हटलं, तेव्हा तुमच्याही लक्षात आलं नसेल, आणि आता सांगितलं तर तुम्हाला उगीच वाईट वाटेल."

आपाच्या हातात भरलेला कोसा होता. पाणी काठावरून, टवक्याच्या जागेतून, बोटांवर गळत होतं.

"मला माहीत आहे गं," ती म्हणाली.

"काय?"

"चाराचे पाच होतात ते."

मुअत्तर अगदी हळू म्हणाली, "तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

रस्सा तळाशी बुडबुडत होता. अंगणात कुणीतरी मोठ्यानं हसलं. मुअत्तरनं किटली खाली ठेवली, सासूच्या हातातून कोसा काढून घेतला आणि झाऱ्यावरून, तांदूळ न हलवता, पाणी सोडायला लागली. मोजत होती ते तिच्या ओठांवरून दिसत होतं. बारा झाले. तिनं कोसा उपडा ठेवला, विस्तव बघितला आणि किटली उचलून बाहेर गेली.

ओश असा झाला, की दाणा दाण्याला शिवेना. तुर्सुनोयनं बोटांनी घास वळला, डोळे मिटून खाल्ला आणि ओठ पुसत म्हणाली, "हा आहे ओश! बघ गं चमचेवाली, बघून घे. सासूचा हात पाण्याला लागला की पाणीसुद्धा शहाणं होतं."

मुअत्तर चहा ओतत होती. तिनं मान वर केली नाही, सासूकडेही पाहिलं नाही. मुकद्दसचा हात ताटावर थांबला होता आणि चेहरा पुन्हा त्या दिवशीसारखा झाला होता.

"पाणी तिनं मोजलंय," सलोमत आपा म्हणाली.

"काय म्हणतेस?" तुर्सुनोयनं विचारलं.

"आजचं पाणी मुअत्तरनं मोजलंय. मी बिघडवत होते, तिनं थांबवलं. दारातून बघितलं आणि लगेच थांबवलं." ती मुकद्दसकडे वळली. "त्या दिवशी ती भिजलेला तांदूळ मोजत होती आणि मी त्याच दारात होते. मला दिसत होतं. मी गप्प बसले. एकास दीड सांगितलं, पण एक कशाचा ते सांगितलं नाही. मत्सर वाटला मला. मुकद्दसबाई, तुम्ही माझी माफी मागून गेलात. तुमच्या मुलीनं तांदळाला दोष दिला, माझ्यावर संशय घेतला नाही. आणि मी म्हटलं, हो, तांदूळच नवा असेल."

तुर्सुनोयसुद्धा गप्प होती, आणि हे आम्ही तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

मुकद्दसनं हात पुसले.

"विहीणबाई," ती म्हणाली, "मुलगी मी तुमच्या दारात सोडून गेले होते."

एवढंच. त्यानंतर तिनं ओश खाल्ला, कारण तो तिच्या मुलीनं वाचवला होता. पोटभर खाल्ला. आपाशी मात्र निघेपर्यंत बोलली नाही.

"मुअत्तर, मला एक चमचा आण," आपा म्हणाली.

मुअत्तरनं आणला. दोन्ही हातांनी दिला, उजवा हात पुढे, रीत सोडली नाही. आणि सलोमत आपानं तो मोकळा, दाणेदार ओश चमच्यानं खाल्ला, सगळ्यांच्या देखत. तेव्हापासून ती ओश चमच्यानंच खाते. कुणाच्या घरी गेली तरी मागून घेते. पहिल्यांदा बायका ओशाळायच्या, आता आपणहून ताटाशेजारी ठेवतात. नाव तिच्याकडे गेलं. रिश्तानमध्ये आज 'चमचेवाली' विचाराल तर पोरं तुम्हाला सलोमत आपाच्या दाराशी आणून सोडतील.

मोहल्ल्याची कढई आता मुअत्तर सांभाळते. किलोचं विचारू नका म्हणते, टोपीचा विनोदही करते, आणि शिकणारीला सगळ्यात आधी बजावते, की तांदूळ कोरडा असताना मोजायचा. आपा गुडघे सावरत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. सासू-सुनेचं वाकडं आहे असं कुणी म्हणणार नाही. मुअत्तर तिचे पाय चेपते, औषध देते, 'ओयी' म्हणून हाक मारते, पूर्वीइतक्याच मऊ आवाजात.

फक्त पाणी मोजताना ती आता दाराकडे बघत नाही.